लिनक्स संगणकावरील प्रिंटर चालेनासा झाल्यास

प्राथमिक शाळेतील छपाईच्या कामाची व्याप्ती बाहेरच्या माणसास सहसा समजत नाही. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, पहिलीच्या मुलांसाठी अक्षरांची कार्डे, पालकसभेची सूचना, पोषण आहाराचा मासिक तक्ता हे सारे काम एकाच यंत्रावर आणि बहुधा आदल्या संध्याकाळी होत असते. अशा वेळी प्रिंटर मुका झाला की शिक्षकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर प्रश्न फळ्यावर लिहून द्यावे, नाही तर तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात जावे. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक ह्या कामासाठी बाहेर पडला, म्हणजे सर्व इयत्तांचा भार दुसऱ्यावर पडतो आणि मुलांचा एक दिवस वाया जातो. ह्या दिवसाची भरपाई कोणत्याही तक्त्यात दिसत नसली, तरी ती मुलांनाच करावी लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ह्या प्रणालीची नियमित सेवा थांबली. ज्या जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती बसत नाही, ते टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स घालून वापरणे हा कमी खर्चाचा मार्ग होय. लिनक्ससाठी मूल्य द्यावे लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. तथापि अशा संगणकावर प्रिंटर अडला, की 'लिनक्सवर प्रिंटर चालतच नाहीत' असे म्हणून तो कापडाखाली झाकून ठेवण्याकडे कल होतो. ही समजूत बरोबर नाही. दोष कोठे आहे हे आधी ठरविले, तर बहुतेक वेळी तो शिक्षकास स्वतःच दूर करता येतो.

त्यासाठी लिहिलेले पान कागदावर कसे उतरते, हे थोडक्यात समजून घ्यावे. सोलापुरात ह्याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. जॅकार्ड मागावर चादर विणताना नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर काढतात. मग त्या नक्षीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. ती भोके पाहून माग कोणते उभे धागे उचलावयाचे हे ठरवितो. मागास नक्षी कळत नाही, भोके कळतात. शिवाय एका रचनेच्या मागासाठी पाडलेल्या पट्ट्या दुसऱ्या रचनेच्या मागास लागू पडत नाहीत. संगणकाचेही असेच आहे. शिक्षकाने टंकलेले पान ही नक्षी होय. ते पान त्या विशिष्ट प्रिंटरला समजेल अशा खुणांत बदलणारा जो कार्यक्रम, त्यास ड्रायव्हर म्हणतात. तयार झालेले काम रांगेत लावणे, पाळीप्रमाणे ते केबलवाटे पाठविणे आणि पूर्ण झाल्याची नोंद करणे, हे लिनक्समध्ये कप्स नावाची व्यवस्था पाहते. मायकेल स्वीट ह्यांनी तिचे काम १९९७ मध्ये आरंभिले व १९९९ मध्ये ती प्रथम उपलब्ध झाली. पुढे ॲपल कंपनीनेही आपल्या संगणकांसाठी तिचा स्वीकार केला.

म्हणजे पान, ड्रायव्हर, रांग, केबल आणि प्रत्यक्ष यंत्र अशी ही साखळी आहे. दुरुस्तीचा पहिला नियम असा की, कोणती कडी तुटली हे कळेपर्यंत काहीही काढू नये व नव्याने काही घालू नये. घाईने ड्रायव्हर काढून पुन्हा बसविणारा मनुष्य पुष्कळदा एका दोषाचे दोन दोष करून ठेवतो.

आरंभ यंत्रापासून करावा. केबल काढून ठेवावी आणि प्रिंटरला एकट्यानेच चाचणी पान छापावयास लावावे. बहुतेक प्रिंटरांत एखादी कळ काही क्षण दाबून धरल्यास असे पान निघते. कोणती कळ, हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. पान स्वच्छ निघाले, तर यंत्र, कागद आणि शाई ठीक असून दोष संगणकाकडे किंवा केबलीत आहे, हे सिद्ध झाले. पान निघाले नाही, तर संगणकास हात लावण्याचे कारणच नाही. अवघ्या एका मिनिटात अर्धे क्षेत्र तपासातून वगळले जाते.

यंत्रच अडले असेल, तर कागद अडकणे, झाकण नीट न लागणे, कार्ट्रिज सैल बसणे ही नित्याची कारणे होत. अडकलेला कागद शक्य तो त्याच्या जाण्याच्या दिशेनेच हळूहळू ओढावा. उलट ओढल्यास तुकडा आत राहतो. पावसाळ्यात ओल धरलेले कागद एकमेकांस चिकटून दोन-तीन एकदम आत जातात, सबब गठ्ठा मूळ वेष्टनातच ठेवावा. शाईच्या प्रिंटरचा शत्रू मात्र आपल्याकडील उन्हाळा आहे. मे महिन्याच्या सुटीत यंत्र बंद राहिले, की शाईच्या सूक्ष्म छिद्रांत शाई वाळते आणि जूनमध्ये पाने कोरी किंवा पट्ट्यापट्ट्यांची निघतात. सफाईची आज्ञा एकदोनदा द्यावी. वारंवार दिल्यास शाईच संपते. सुटीतही आठवड्यातून एक रंगीत पान छापणारा कोणी गावात असल्यास हा त्रास बहुधा होत नाही. लेसर प्रिंटरला ही भीती नाही. मात्र टोनर कागदावर पक्का करणारा त्याचा तापक एकदम मोठा विद्युत्‌प्रवाह ओढतो, म्हणून तो संगणकाच्या लहान यूपीएसवर जोडू नये.

चाचणी पान चांगले निघाले, तर केबल पाहावी. ती सरळ संगणकास जोडावी, मधली विस्तार-जोडणी काढून टाकावी. नेहमीची यूएसबी केबल पाच मीटरहून लांब असू नये. मग टर्मिनल नावाची खिडकी उघडून 'एल-एस-यू-एस-बी' ही पाच अक्षरे लागोपाठ टंकून एंटर दाबावे. (येथील सर्व आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाच्या आहेत.) संगणकास जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी समोर येते. तीत प्रिंटरच्या कंपनीचे नाव दिसले, तर केबल निर्दोष आहे. न दिसल्यास दुसरे छिद्र, मग दुसरी केबल, ह्या क्रमाने पाहावे.

येथवर सर्व ठीक असूनही छपाई होत नसेल, तर दोष पुष्कळदा रांगेत सापडतो, आणि शिक्षकांस सर्वांत अधिक चकविणारी कडीही हीच. घडते ते असे. छपाई चालू असता वीज जाते किंवा केबल निसटते. काम अर्धवट राहते. कप्सची रचना अनेक ठिकाणी अशी असते की, एखादे काम फसले म्हणजे ती त्या प्रिंटरची रांग थांबवून ठेवते, हेतू हा की पुढची कामे वाया जाऊ नयेत. वीज परत येते, प्रिंटरचा हिरवा दिवा लागतो, तरीही रांग थांबलेलीच राहते. कोणीतरी ती चालू करावी अशी अपेक्षा असते आणि हे शिक्षकास कोणी सांगितलेले नसते. मग तो छपाईची कळ पुन्हा दाबतो, आणखी एकदा दाबतो, आणि शेजारच्या वर्गातील शिक्षकही येऊन दाबून पाहतो. रांग मोकळी होते तेव्हा तीच प्रश्नपत्रिका पाच वेळा छापून निघते व कागदाचा अर्धा गठ्ठा संपतो.

ह्यासाठी 'एल-पी-एस-टी-ए-टी' असे टंकून एक मोकळी जागा सोडावी, मग आडवी रेघ आणि तिला लागून 'टी' हे अक्षर देऊन एंटर दाबावे. येणाऱ्या उत्तरात चार गोष्टी पाहाव्यात. पहिल्या ओळीत 'शेड्यूलर इज रनिंग' असे असावे. तेथे 'नॉट' हा शब्द आला, तर कप्सच बंद आहे. संगणक एकदा नीट बंद करून चालू केल्यास ते बहुधा सुरू होते. दुसरी गोष्ट, प्रिंटरच्या नावापुढे 'डिसेबल्ड' हा शब्द असल्यास रांग थांबलेली आहे असे समजावे. तिसरी, 'नॉट ॲक्सेप्टिंग' असे शब्द असल्यास रांग नवे काम घेतच नाही. ह्या दोन भिन्न अवस्था होत. पहिलीत दुकानाचा कारागीर उठून गेलेला आहे, दुसरीत दुकानाचे दारच बंद आहे. चौथी गोष्ट म्हणजे खाली दिलेली प्रलंबित कामांची यादी.

थांबलेली रांग चालू करण्यापूर्वी जुनी कामे काढून टाकावी. संगणकाच्या सेटिंग्जमधील प्रिंटर्स ह्या भागात प्रिंटरच्या नावावर गेल्यास कामांची यादी दिसते, तेथे ती रद्द करता येतात व रांग पुन्हा चालू करण्याची सोयही बहुधा तेथेच असते. ती न सापडल्यास संगणकातील ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' हा इंग्रजी शब्द, त्यास लागून दोन टिंबांचे चिन्ह आणि ६३१ हा अंक इंग्रजीत टंकावा. ह्यास इंटरनेट लागत नाही. कप्सचे स्वतःचे पान उघडते. त्यात प्रिंटर निवडून 'रिझ्यूम प्रिंटर' ही आज्ञा द्यावी. ती देताना संगणकाच्या व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द विचारला जातो, सबब तो मुख्याध्यापकांजवळ लिहून ठेवलेला असावा. संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ तो शब्द आपल्यापाशीच ठेवून निघून गेला, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावाचून अडते.

रांगेचाच आणखी एक खेळ ध्यानात असावा. कधी कधी केबल दुसऱ्या छिद्रात घातल्यावर किंवा ड्रायव्हर पुन्हा बसविल्यावर त्याच यंत्राच्या नावाची दुसरी नोंद तयार होते. छपाईचे काम जुन्या नोंदीकडे जाते आणि यंत्र नवीकडून आज्ञेची वाट पाहते. दोन नावे दिसल्यास प्रत्येकीकडे एकेक चाचणी पान पाठवावे, जी चालते ती मुख्य म्हणून ठरवावी व दुसरी काढून टाकावी. तसेच संगणकाची साठवणूक पूर्ण भरली असल्यास कामास रांगेत जागाच मिळत नाही आणि स्पष्ट सूचनाही नेहमी येत नाही. स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती साठवून ठेवणाऱ्या शाळांत हे सहज घडण्यासारखे आहे.

प्रिंटर काम घेतो, दिवा लुकलुकतो, परंतु कागद ओढत नाही, असेही होते. अशा वेळी कागदाचे माप पाहावे. आपल्याकडील ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेत चालणारा लेटर कागद सुमारे २१६ रुंद व २७९ लांब असतो. संगणक बसविताना देश म्हणून अमेरिका निवडला गेला असल्यास पान लेटर मापाचे ठरते, आणि प्रिंटर जो कागद सोलापुरात कोणी वापरत नाही त्याची वाट पाहत राहतो. लिहिण्याच्या कार्यक्रमात आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी ए-फोर केल्यावाचून हा दोष जात नाही.

आता ड्रायव्हरकडे वळावे. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ह्या सर्वपरिचित भाषा जाणतात. त्यांस लिनक्सवर फारशी अडचण येत नाही. स्वस्त लेसर प्रिंटरांपैकी पुष्कळांस मात्र कंपनीची खास भाषाच कळते. भारतात अतिशय खपलेला कॅनन एलबीपी २९०० हा असाच आहे. त्याची कॅप्ट नावाची भाषा वेगळी असून त्यासाठी कॅननने दिलेला लिनक्स ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवावा लागतो. एचपी लेसरजेट १०२० ची गोष्ट त्याहून मौजेची आहे. त्या यंत्रास आपल्या कामाची रीत वीज बंद केल्यावर आठवत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ती त्यास नव्याने पाठवावी लागते. लिनक्सवर हे काम एचपीलिप हा कार्यक्रम आणि त्याची प्लगइन नावाची पुरवणी करते. पुरवणी व कार्यक्रम ह्यांची आवृत्ती एकच असावी लागते. संगणक अद्ययावत केल्यावर कार्यक्रम नवा होतो, पुरवणी जुनीच राहते आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज काहीच करीत नाही. अशा वेळी इंटरनेट जोडून टर्मिनलमध्ये 'एच-पी', आडवी रेघ आणि 'प्लगइन' असे सलग टंकावे, म्हणजे योग्य पुरवणी उतरवून घेता येते. अद्ययावतीकरण परीक्षेच्या आदल्या दिवशी करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

चुकीचा ड्रायव्हर ओळखण्याची एक खूण पक्की आहे. पानामागून पान निघत जाते, प्रत्येकावर एकदोन ओळी अगम्य चिन्हांच्या, आणि पहिल्या पानाच्या आरंभी टक्क्याची खूण, उद्गारचिन्ह व 'पीएस' ही अक्षरे. ह्याचा अर्थ संगणक पोस्टस्क्रिप्ट बोलतो आहे, यंत्रास ती भाषा येत नाही आणि ते ऐकलेले शब्द जसेच्या तसे उमटवीत आहे. अक्कलकोटकडील ज्या शिक्षकांच्या वर्गात कन्नड बोलणारी मुले येतात, त्यांस हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी आधी कागद काढून घ्यावा, संगणकातील काम रद्द करावे आणि मगच प्रिंटर बंद करावा. केवळ प्रिंटर बंद केल्यास तो चालू होताच काम पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो.

मात्र मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे उमटली, तर त्यास प्रिंटर जबाबदार नसतो. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या टंकांत लिहिलेल्या मजकुराच्या पोटी वस्तुतः इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. तो टंक ज्या संगणकावर नाही तेथे मूळ रूप उघडे पडते. परीक्षा सोपी आहे. छापण्यापूर्वी ते पान पीडीएफ करून पडद्यावर पाहावे. तेथेच बिघडलेले दिसले, तर दोष पानात आहे. पडद्यावर शुद्ध दिसून कागदावर बिघडले, तर दोष पुढच्या कड्यांत आहे. नवे लेखन युनिकोड देवनागरीतच करावे, आणि दुसऱ्या शाळेस पाठवावयाची प्रश्नपत्रिका पीडीएफ रूपात पाठवावी. पीडीएफमध्ये टंक बहुधा सोबत बांधून जातो.

छपाईच्या स्वच्छतेचा प्रश्न आता केवळ देखणेपणाचा राहिलेला नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे त्या वेळचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडण्याचे जे काम केले, त्याची दखल २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्काराने घेतली गेली. तेव्हापासून कृतिपत्रिकांवर असे कोड छापणारे शिक्षक सर्वत्र आहेत. हा कोड खराब झाला तरी काही मर्यादेपर्यंत वाचता येतो. बनविताना दुरुस्तीची मध्यम पातळी निवडल्यास सुमारे १५ टक्के व सर्वोच्च निवडल्यास सुमारे ३० टक्के भाग नष्ट झालेला चालतो. परंतु टोनर संपत आल्यामुळे कोपऱ्यांतील तीन मोठ्या चौकोनांवर पांढरी पट्टी आली, तर भ्रमणध्वनीस कोड सापडतच नाही. कार्ट्रिज काढून आडवे धरून हलकेच डोलविल्यास काही पाने आणखी निघतात. कोडाभोवतीची पांढरी मोकळी जागाही राखावी.

इतके करूनही कारण सापडले नाही, तर कप्सची नोंदवही पाहावी. तिचे नाव 'एरर लॉग' असे असून ६३१ अंकाच्या त्याच पानावरील 'ॲडमिनिस्ट्रेशन' ह्या भागातून ती उघडता येते. शेवटच्या आठदहा ओळींत कोणता कार्यक्रम सापडला नाही, कोणत्या फायलीस परवानगी नाही, हे बहुधा शब्दशः लिहिलेले असते. ही उघडी नोंद व कार्यक्रमाची उघडी रचना ह्यांच्यामागे एक इतिहास आहे, आणि त्याच्या मुळाशी योगायोगाने एक प्रिंटरच आहे. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे कार्यक्रमलेखक होते. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना यावी, अशी सोय त्यांनी तेथील जुन्या प्रिंटरच्या कार्यक्रमात केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने दिलेला नवा लेसर प्रिंटर आला. त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर मात्र कोणी देईना, म्हणून ती सोय त्यात करता आली नाही. वापरणाऱ्यास आपल्या यंत्राचा कार्यक्रम वाचता व सुधारता आला पाहिजे, ह्या आग्रहातून त्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी लिहिलेला लिनक्सचा गाभा त्यास येऊन मिळाला.

नवा प्रिंटर घ्यावयाचा असल्यास मूल्याइतकेच लक्ष एका गोष्टीकडे द्यावे. 'आयपीपी एव्हरीव्हेअर' किंवा 'एअरप्रिंट' अशी नोंद ज्याच्या खोक्यावर आहे, तो प्रिंटर आजच्या लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालतो. कप्सची पुढील वाटचालही जुने ड्रायव्हर सोडून ह्याच रीतीकडे आहे. देणगीदार प्रिंटर देऊ करीत असल्यास त्यासही ही अपेक्षा आधी सांगावयास संकोच करू नये. ओपनप्रिंटिंग ह्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणता प्रिंटर लिनक्सवर कसा चालतो ह्याची सूची आहे, ती खरेदीपूर्वी पाहता येते.

प्रिंटरशेजारी एक साधी वही दोरीने बांधून ठेवावी. पहिल्या पानावर प्रिंटरचे पूर्ण नाव व क्रमांक, लिनक्सची आवृत्ती आणि ड्रायव्हरचे नाव लिहावे. त्यापुढे प्रत्येक बिघाडाची तारीख, दिसलेले लक्षण, नोंदवहीतील शेवटच्या दोन ओळी जशाच्या तशा, आणि कशाने दोष गेला ते. केंद्रातील जाणत्या शिक्षकास अथवा तंत्रज्ञास दूरध्वनी करावा लागला, तर 'प्रिंटर चालत नाही' ह्याऐवजी 'चाचणी पान निघते, एलएसयूएसबीमध्ये नाव दिसते, रांग चालू आहे, पण अद्ययावतीकरणानंतर पुरवणीची तक्रार येते' असे त्यास सांगता येते, आणि पुष्कळदा त्यास गावापर्यंत यावेच लागत नाही. शिक्षकाची बदली झाल्यास वही शाळेतच राहावी.